किल्ला पडेपर्यंत मासे बंद

टीव्हीवर ऐतिहासिक मालिका लागली की तिच्यात कधी ना कधी प्राचीन काळचा पुजारी येतोच. गळ्यात कवट्या, भोवती धूर आणि तोंडात कुणालाच न कळणारे मंत्र. घरचे हसतात. मी हसत नाही. हा पुजारी मी टीव्ही गावात यायच्या कितीतरी आधी रंगमंचावर आणला होता, आणि त्यापायी मला मासे सोडावे लागले होते.

तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो, म्हणजे गावातल्या विद्वानांत मोडत होतो. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात देवीच्या जत्रेला नाटक व्हायचं. त्या वर्षी ते मी लिहिलं. कोकणातला एक अतिप्राचीन राजा, त्याचा किल्ला शत्रूने घेतलेला. राजा अर्थातच मी. त्या काळचा धर्म कसा असेल, हा प्रश्न मी एकट्यानेच सोडवला. करवंट्यांना चुना फासून कवट्या केल्या आणि 'ह्रां ह्रीं'ने सुरू होणारे मंत्र रचले. समोरच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या देवीला गाऱ्हाणं घातलं जातं, तिकडे डोकावून बघावं असं काही सुचलं नाही. उलट ते गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकरीकाकांनाच मी पुजाऱ्याचं काम दिलं, कारण त्यांचा आवाज मोठा होता.

नाटकात राजा शपथ घेतो, "किल्ला हाती येईपर्यंत मी मासा तोंडात घालणार नाही." मग मंत्र, धूर, पडदा. शेवटच्या अंकात तो किल्ल्याच्या दारातच मरतो. शोकांतिका थोर असते, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

प्रयोगात मी शपथ घेतली. काका धुराने खोकले आणि मंत्र विसरले. विंगेतून सांगितलेलं त्यांना ऐकू जाईना. मग त्यांनी देवळाकडे तोंड केलं, हात जोडले आणि जे तोंडपाठ होतं ते सुरू केलं.

"बा देवी म्हाराजा, किल्लो हातात येयपर्यंत मासो खावचंय नाय, म्हणान ह्या तुझ्या लेकरान तुका शब्द दिल्यान आसा."

"व्हय म्हाराजा," सगळी जत्रा एका आवाजात म्हणाली. गाऱ्हाण्याला अशी साथ द्यायची आमच्याकडे रीतच आहे.

"तो त्येच्याकडसून पाळून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सवयीने मीही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आईने माझ्यापुढे डाळभात ठेवला. होडीवरून आलेल्या वडिलांच्या ताटात बांगड्याचं तिखलं.

"आये, माका?"

"तू कसो खातलंस? देवीक शब्द दिलंस मा?"

"अगो, तां नाटक होतां. तां राजान म्हटल्यान."

"तोंड कोणाचां होतां?" वडिलांनी ताटातून डोकं वर न काढता विचारलं.

मी काकांकडे गेलो. "काकानु, सोडवा माका ह्यातसून."

"सोपां आसा. किल्लो घे."

"खंयचो किल्लो? राजा मरता शेवटी."

"मग माका कित्याक सांगतंस? तूच लिवलंस."

कला की बांगडा, असा तो पेच होता. कलेची बाजू मी बरेच दिवस लावून धरली. मग एका दुपारी आईने सुंगटं, म्हणजे कोळंबी, तळायला घेतली, आणि शेवटचा अंक मी चुलीशेजारीच बसून बदलला.

शिमग्याला पुन्हा प्रयोग लावला. आता मरायचं होतं शत्रूच्या किल्लेदाराने. तो माझा चुलतभाऊ. आधीच्या प्रयोगात मला मारून त्याने टाळ्या घेतल्या होत्या, त्यामुळे मरायची त्याची मुळीच तयारी नव्हती. मी वार केला, तो पडला आणि उठला. पुन्हा केला, पुन्हा उठला. माझी लाकडी तलवार मोडली तरी किल्ला पडेना. शेवटी बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला, "मेल्या, मर आता. माझो झील जत्रेपासून उपाशी आसा."

माझी आई त्याची काकी; तिच्यापुढे त्याचं काही चालेना. तो मेला.

काकांनी शब्द पुरा झाल्याचं गाऱ्हाणं घातलं, "व्हय म्हाराजा" झालं, पण माणसं काही उठेनात. आई टोपात तिखलं घेऊनच आली होती. तेव्हा राजवेषातच, डिंकाने चिकटवलेली दाढी एका हाताने वर धरून, मी सगळ्यांदेखत बांगडा खाल्ला. पडदा ओढणाराही दोरी सोडून बघत होता. किल्लेदार तेवढा नियमाप्रमाणे आडवा होता, आणि ओठ न हलवता म्हणत होता, "माका एक तुकडो ठेव रे."