विटकरी जावई

लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे काय लिहावं आणि काय गिळावं हे सांगणारंही कुणी नाही. शिवाय विषय कबुतरांचा आहे, आणि मला त्यातलं किती कळतं हे आता नाशिक रोडपासून ओझरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

वडील भाजी पिकवतात. घराच्या गच्चीवर त्यांची कबुतरांची ढाबळ आहे. गेल्या दिवाळीआधी ओझरच्या काकांचा फोन आला. काका म्हणजे वडिलांचे जुने मित्र, विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्या लाडक्या मादीचा जोडीदार शिकरा नावाच्या शिकारी पक्ष्यानं उचलला होता आणि ती दाणाही धड टिपत नव्हती. वडिलांनी शब्द दिला, "माझ्याकडचा नर देतो तिला."

तेव्हा आमच्याकडे एकाच जोडीची दोन पिल्लं होती. बाप विटकरी, आई निळी. पिल्लांतही एक विटकरी, एक निळं. एवढ्या वयात नर-मादी सारखेच दिसतात. वडिलांची पद्धत अगदीच अडाणी. रोज सकाळी ढाबळीसमोर उकिडवं बसायचं आणि बघत राहायचं. हात घातला की कोण पंख मारतं, कोण मागे सरकतं, दाण्यावरून कोण कुणाला हुसकावतं. पंधरा दिवसांनी म्हणाले, "निळा नर वाटतो. अजून थोडं थांबू."

मला थांबायची गरज नव्हती. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर चौकटी काढून दाखवलं होतं, की कबुतरांत पिल्लाच्या रंगावरून नर-मादी ओळखता येते. लाल, म्हणजे आमच्या भाषेत विटकरी, तो नर; निळी ती मादी.

"नाना, विटकरी पाठवा. हे सायन्स आहे."

"अरे पण हे निळं बघ ना, कसं अंगावर येतं."

"वागण्यावर जाऊ नका. वागणं फसवतं."

वडिलांनी तीस वर्षांची नजर बाजूला ठेवली आणि विटकरी पिल्लू टोपलीत घातलं. काकांना म्हणाले, "पोरानं सांगितलंय. कॉलेजात शिकतो तो." हेच वाक्य त्यांनी पुढे आठवडाभर भाजीबाजारातही ऐकवलं.

संक्रांतीनंतर काकांचा फोन आला. "जावई लय गुणाचा निघाला! दोघं चोचीत चोच घालून बसत्यात." त्या दिवशी जेवताना मी घरच्यांना आनुवंशिकतेवर छोटंसं व्याख्यान दिलं. कुणी मागितलं नव्हतं. आई म्हणाली, "आता दोडक्याच्या नर-मादी फुलांचं पण सांग, तेवढंच राहिलंय."

मग आमचं निळं पिल्लू गळा फुगवून, गोल गोल फिरत, नरासारखं घुमायला लागलं. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मीच घाईनं सांगितलं, की काही माद्यासुद्धा घुमतात.

दुसऱ्या दिवशी वही उघडली. चौकटींच्या वर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: आई लाल आणि बाप निळा असेल तरच. आमच्याकडे नेमकं उलटं. अशा जोडीच्या पिल्लांत रंगावरून काहीच कळत नाही. परीक्षेत याच प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते.

वडिलांना सांगायला हवं होतं. त्यांनी मित्राला दिलेला शब्द माझ्या भरवशावर उभा होता. पण विटकरी योगायोगानं नर असूही शकत होता, शक्यता निम्मी. सायन्सवरून मी असा नवसावर आलो. कबुतराची मादी एका वेळी दोनच अंडी घालते. त्यातून पिल्लं निघाली की माझी सुटका.

होळी झाली. आज सांगायचंच, असं ठरवून मी वडिलांशेजारी मेथीच्या जुड्या बांधायला बसलो. "नाना, ते विटकरी..." एवढंच बोललो आणि फोन वाजला. वडिलांचे हात मातीचे, म्हणून मी स्पीकर लावला. काका होते.

"काय, घातली का अंडी?" वडिलांनी विचारलं.

"घातली की. चार."

वडिलांचे हात जुडीवरच थांबले. "चार?"

"दोन आमच्या पोरीनं," काका म्हणाले, "अन् दोन तुझ्या जावयानं."