खालच्या मजल्यावरची शेजारीण

माझ्या नवऱ्याला सुट्टीतही काम लागतं. इंजिनियर माणूस, समुद्रावर गेला तरी आधी भरतीचं वेळापत्रक बघणार. त्यामुळे स्पेनला जायचं ठरलं तेव्हा राजवाडे, चित्रं वगैरे त्याच्या डोक्यात नव्हतंच. त्याने सासूबाईंना समोर बसवलं, एका संत्र्यात आरपार काडी खुपसली आणि सांगितलं, की न्यूझीलंडमधल्या पापाकुराच्या आपल्या घराखाली सरळ खणत गेलं तर माणूस स्पेनमध्ये निघतो, मालागा नावाच्या बंदरापासून दीड तासावर. सासूबाईंनी संत्रं फिरवून पाहिलं आणि विचारलं, "मग आपल्या खाली राहतं कोण?"

त्यांनी काहीतरी विचारलं, याचाच मला आनंद झाला. सासरे गेल्यावर त्या पुण्याहून आमच्याकडे आल्या, त्याला दोन वर्षं झाली होती. मंडळाच्या हळदीकुंकवाला मी ओढून नेलं तर त्या आतल्या खोलीत कोट सांभाळत बसायच्या. माझं दुखणं वेगळंच होतं. पूर्वी पुण्याहून निघताना दर वेळी त्या माझी ओटी भरायच्या. आता मी कुठेही निघाले तरी गाडीपर्यंत येऊन नुसता हात हलवायच्या. म्हणायच्या, "मी भरू नये. सवाष्णीचं सवाष्णीने करावं." मी फार्मसिस्ट, कशाने काय होतं आणि काय होत नाही हे दिवसभर लोकांना सांगते. घरात मात्र माझं काही चालेना. एकदा मी चिडून ताटावरून उठलेसुद्धा. पुढे तो विषय मी सोडला, पण मनातून गेला नाही. मला ती ओटी हवी होती.

मार्चमध्ये आम्ही मालागाला पोचलो. सोबत चार किलो तांदूळ, मूगडाळ, छोटा कुकर आणि कोणाला भेट द्यावी लागली तर म्हणून किवी पक्ष्यांची चित्रं असलेले, भांडी पुसायचे दोन टी-टॉवेल. सासूबाईंना शहर आवडलं, पण आम्हाला वाटलं होतं त्यासाठी नाही. समुद्रकाठी वाळूत सळईला टोचून भाजलेले मासे लोक मिटक्या मारत खात होते, तिथून त्या नाकाला पदर लावून पळाल्या. तळून दिलेले लांबलचक चुर्रो त्यांनी चाखले आणि "पाकात टाकायला विसरलेत" असा निकाल दिला. आवडले ते संध्याकाळचे बाक. सहा वाजले की म्हाताऱ्या नटूनथटून बाहेर यायच्या आणि ओळीने गप्पा मारत बसायच्या. सासूबाईही त्यांच्यात जाऊन बसू लागल्या. पापाकुरात त्या वेळी आमच्या गल्लीत मांजरसुद्धा दिसत नाही.

चौथ्या दिवशी नवऱ्याने गाडी भाड्याने घेतली. कुठे काय लागेल सांगता येत नाही म्हणून सासूबाईंनी तांदूळ आणि टी-टॉवेलही गाडीत टाकले. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात आणि याची सगळी हयात डावीकडची, त्यामुळे प्रत्येक चौकात मी डोळे मिटून घेत होते. समुद्र मागे पडला, डोंगर आले, मग नजर जाईल तिथपर्यंत ऑलिव्हची झाडं. शेवटी एका कच्च्या रस्त्यावर फोनमधले अक्षांश-रेखांशाचे आकडे जुळले. जुळले खरे, पण कुंपणाच्या आत.

नवरा कुंपणाशी उभा राहून चुळबुळ करत होता, तेवढ्यात घरातून एक म्हातारी बाहेर आली. पांढरे केस, काळा स्वेटर, पुढे निळा एप्रन. त्याने फोनवर भाषांतर करून सांगितलं, की आमचं घर तुमच्या बरोबर खाली आहे. ती खूप हसली. फाटक उघडून तिने आम्हाला एका झाडाखाली नेलं. नवऱ्याने तिथे दोन्ही पाय जुळवून फोटो काढून घेतला आणि दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. मग तिने अंगणात कॉफी दिली आणि फोनमध्ये बोलून सांगितलं, की ही झाडं तिच्या नवऱ्याने लावली होती, तो चार वर्षांपूर्वी गेला, मुलं शहरात बोलावतात पण तिला करमत नाही.

सासूबाईंनी फोनवरचं मराठी दोनदा वाचलं. मग "आलेच" म्हणून गाडीकडे गेल्या आणि तांदळाची पिशवी, आमच्याकडचं एक संत्रं आणि एक टी-टॉवेल घेऊन आल्या. त्यांनी बाईला एप्रनची टोकं धरायला लावली आणि ओंजळीने तिची ओटी भरली. नारळाच्या जागी संत्रं, खणाच्या जागी टी-टॉवेल. काय चाललंय हे तिला कळत नव्हतं, पण तिने एप्रन दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मला रागही आला होता. निघताना तिने अंगणातल्या झाडाची पिशवीभर संत्री आम्हाला दिली.

गाडीत मागच्या सीटवर बसताच मी सासूबाईंकडे वळले. मला मनात ठेवणं जमत नाही.

"आई, तिची भरलीत. मग माझी का नाही?"

"तिचं जायचं ते गेलंय," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुझं आहे अजून. माझ्या हाताने काही वेडंवाकडं झालं तर मी काय करू?"

म्हणजे दोन वर्षं त्या रुसल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. आणि ज्याच्यासाठी घाबरल्या होत्या तो पुढे बसून गाडी चालवत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आई," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मी आज सकाळपासून दोनदा चुकीच्या बाजूला गेलोय. मला काही होणारच असेल तर ते या चौकात होईल, हिच्या ओटीने नाही."

सासूबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग हसू लागल्या, आणि हसता हसता मध्येच रडल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी मालागा येईपर्यंत सोडला नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मी बॅगा भरत होते. सासूबाई म्हणाल्या, "पाट नाहीये, त्या बॅगेवरच बस. पूर्वेकडे तोंड कर." पूर्व कुठे ते नवऱ्याने फोनवर बघून सांगितलं. पदर नव्हता, म्हणून मी टी-शर्टचं टोक धरलं. उरलेले तांदूळ, त्या बाईच्या झाडाचं एक संत्रं, दुसरा टी-टॉवेल. थोडे तांदूळ हॉटेलच्या गालिच्यावर सांडले. मी वाकून नमस्कार केला आणि एकेक दाणा वेचला.

संत्रं तिघांनी विमानातच संपवलं, कारण न्यूझीलंडमध्ये ते कोणी आत येऊ देणार नव्हतं. तांदूळ मात्र मी फॉर्मवर लिहिले. ऑकलंड विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पिशवी हातात घेऊन पाहिली. इतक्या लांबून एवढेसे तांदूळ कशाला आणलेत, असं त्याने विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"हर राइस," त्या म्हणाल्या. "आय गेव्ह."

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास', असं म्हणत त्याने पिशवी माझ्या हातात ठेवली.