ताप उतरला त्या दिवशी

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका म्हशीला सलाईन लावत होते. त्यांची सून एवढंच म्हणाली, "मॅडम, अब्बा गेले." बाटली हातात धरून मी तशीच उभी राहिले... त्याला आता दीड महिना झाला.

घोडेगावच्या बाजारात रशीदभाई बैलांना नाल ठोकायचे. साठी उलटलेला माणूस, नाल ठोकायला आडव्या पाडलेल्या बैलाशी उर्दूत गप्पा मारत काम करायचा. त्यांचा एकही खिळा वाकडा गेलेला मी पाहिला नाही. जनावरांची डॉक्टर म्हणून मी तिथं नवी होते, तेव्हा बाई बैलाला हात लावणार म्हटलं की शेतकरी हसायचे. एकदा लंगडणाऱ्या बैलासाठी मी सांध्याचं इंजेक्शन भरून घेतलं. रशीदभाई जवळ आले आणि मलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, खूर बघता का एकदा?" खुरात काटा रुतून पू झाला होता. मी तो काढला. मालक खूश झाला, तर रशीदभाई सगळ्यांदेखत म्हणाले, बाईंनी बरोबर वळखलं. त्या दिवसापासून लोक माझ्याकडे जनावरं आणू लागले. खरी गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही.

पावसाळा सरताना त्यांना डेंग्यू झाला. चार दिवस अंग फणफणलं, पाचव्या दिवशी ताप उतरला आणि ते थेट बाजारात आले. पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली म्हणाले. हात धरून पाहिला, तर गार लागला. दवाखान्यात जा, असं मी म्हटलं, पण हट्ट धरला नाही.

"ताप न्हाई आता, बाई. एवढी जोडी करतो नि जातो."

जोडी त्यांनी पुरी केली. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त आलं. नगरच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत रक्तदाब पार खाली गेला होता... दोन दिवसांनी ते गेले. तिथल्या डॉक्टरांनी मग समजावलं, की डेंग्यूत कधीकधी ताप उतरल्यावरच खरा धोका सुरू होतो. पोटदुखी, उलट्या, गार हातपाय दिसले की थांबायचं नसतं. मी तिन्ही लक्षणं पाहिली होती.

मागच्या बाजारी एका व्यापाऱ्यानं तेच सांगितलं, ताप गेला, पोट तेवढं दुखतंय. त्याला मी बोलूच दिलं नाही, गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. तो आता बरा आहे.

परवा रशीदभाईंच्या घरी गेले. सुनेनं त्यांची हातोडी माझ्या हातात दिली. लाकडी दांड्यावर, अंगठा टेकायचा तिथं, खोल खळगा पडलाय. मी माझा अंगठा ठेवून पाहिला. भोवती बरीच जागा उरली.