चल बाय, मी हाय ना

गेल्या जानेवारीत एका सोमवारी, पहिल्या तासाला, पंचवटीतल्या एका शाळेच्या नववीच्या वर्गाने एका सुरात जाहीर केलं, "मी हुशार आहे." शेजारच्या वर्गातून भिंतीवर ठोकून विचारणा झाली, "कोण?"

वर्ग माझ्या मावसबहिणीचा. ती इंग्रजी शिकवते. नाताळच्या सुट्टीत शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं, तिथे तिने ऐकलं होतं की मूल स्वतःशी मनात काय बोलतं, यावर त्याचा अभ्यास बराच अवलंबून असतो. 'मला जमणारच नाही' म्हणणारं मूल प्रश्न पूर्ण वाचायच्या आतच पेन खाली ठेवतं. मी वर्तमानपत्राच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो आणि आठवड्यातून दोनदा तिच्या मुलांकडून इंग्रजी वाचून घेत होतो. त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्यासमोर घडलं. जे समोर घडलं नाही, ते विचारून घेतलं आहे.

पहिला गृहपाठ सोपा होता. सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, 'मी हुशार आहे, मला इंग्रजी येतं.' दुसऱ्या दिवशी वर्गात वृत्तान्त आले. नातू आरशाशी बोलतोय हे पाहून एका आजीने मीठमिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढली होती. एकीच्या घरी आरसा एकच, आणि मागे तिचे वडील दाढीसाठी थांबलेले. ते म्हणाले, हुशार असशील तर बाजूला हो. एकाला स्वतःच्या तोंडाकडे बघून इतकं हसू आलं की त्याची शाळेची वेळ टळली.

वर्ग हसून लाल झाला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही.

"बाई, मला इंग्रजी येत नाय," ती म्हणाली. "येतं कसं म्हणू? आरशाला माहीत हाय ना."

तिच्या घरची म्हसरूळच्या पुढे फुलशेती आहे. वडील रोज झेंडू घेऊन पंचवटीच्या बाजारात येतात, त्याच टेंपोत पुढे बसून ती आणि धाकटा भाऊ शाळेत येतात. इंग्रजीत ती वर्षभर नापास होत आली होती. लेखी पेपर ती कसाबसा काढायची. तोंडीला उभी राहिली की मात्र शब्द फुटायचा नाही आणि माझ्या बहिणीला शून्य लिहावं लागायचं. वार्षिकलाही तसंच झालं तर पुन्हा नववी. आणि भाऊ आठवीत होता. मधल्या सुट्टीत तो खिडकीशी यायचा आणि गोड आवाजात सांगून जायचा, "तायडे, माझ्यासाठी बाक धरून ठेव हां."

माझ्या बहिणीने त्या मुलीला विचारलं की उभी राहिल्यावर तू मनात काय म्हणतेस. ती म्हणाली, "बस खाली, हसतील."

तेव्हा बहिणीने प्रश्न बदलला. तुमच्या घरी काही अडलं, पुढे जाईना झालं, तर त्याला काय म्हणतात? मुलीने जरा विचार केला. पंचवटीतल्या मालेगाव स्टँडच्या चढावर, मागे माल भरलेला असला की टेंपो धापा टाकतो. मग वडील स्टिअरिंगवर थोपटतात आणि म्हणतात, "चल बाय, मी हाय ना."

"मग चढतो?"

"चढतो. रडतरडत, पण चढतो."

बहिणीने फळ्यावरचं 'मी हुशार आहे' पुसून टाकलं. नवा गृहपाठ दिला: घरात अडलेल्या वस्तूशी जे गोड बोललं जातं, ते ऐकून या.

दुसऱ्या दिवशी वर्ग आवरेना. एका आईचं शिलाई मशीन 'एवढी शिवण ने गं माझे आई' असं म्हटल्याशिवाय चालत नव्हतं. कुकरला 'शिट्टी दे रे राजा' म्हणावं लागत होतं. विहिरीवरच्या मोटारीला 'उचल, उचल, शाब्बास.' एक आजोबा जिना चढण्याआधी आपल्या दोन्ही गुडघ्यांना 'चला मंडळी' म्हणत होते. रिक्षावाल्याच्या मुलाने थंडीत रिक्षा सुरू होत नाही तेव्हा वडील काय म्हणतात ते सांगितलं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. वाक्यात पाच शब्द होते. छापण्याजोगा एकच निघाला: 'चल.' तोच ठेवला.

महिनाभर हेच चाललं. फळ्यापाशी कुणी स्पेलिंगला अडलं की मागून आवाज यायचा, "शिट्टी दे रे राजा." उत्तर जमू लागलं की सगळे मिळून "उचल, उचल." मुख्याध्यापक चौकशीला आले आणि हसू दाबत परत गेले. जिन्यात ते स्वतःशी 'चला मंडळी' म्हणाले, असं मुलं सांगतात. त्याला दुजोरा मिळालेला नाही.

फुलवाल्यांची मुलगी माझ्याजवळ बसून आपल्या घरच्या कामाची वाक्यं इंग्रजीत जुळवू लागली. अडली की बाकावर थोपटायची, ओठ हलवायची, पुढचा शब्द आणायची. चुकीचाही आणायची, पण आणायची. बहिणीने सगळ्यांना बजावलं होतं की परीक्षेत हे मनातल्या मनात म्हणायचं.

एप्रिलमध्ये वार्षिक तोंडी झाली. परीक्षक दुसऱ्या तुकडीच्या मॅडम होत्या. त्यांच्यासमोर मुलं खोकायलाही घाबरत. मी दाराशी रांग सांभाळत होतो. मुलीला विषय मिळाला, 'माझी सकाळ.' ती उभी राहिली. काही बोलली नाही. मॅडमनी पेन उचललं. मुलीने टेबलाच्या कडेवर थोपटलं आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "चल बाय, मी हाय ना."

मॅडमनी चष्मा काढला. "कुठे चल?"

बाहेरच्या रांगेत हसू फुटलं. मुलीचे कान लाल झाले. ती बसली नाही.

"नो, नो. नॉट यू, मॅडम," ती म्हणाली. "आय टॉक टू मी."

"व्हाय?"

"बिकॉज आय स्टॉप. देन आय से. देन आय गो."

मग ती खरंच निघाली. झेंडू, पहाट, टेंपो, चढ, सगळं मोडक्या इंग्रजीत आलं. क्रियापदं वाटेत सांडत होती. वडील टेंपोशी बोलतात हेही तिने सांगितलं. मॅडमनी विचारलं, आणि टेंपो काय म्हणतो?

"टेंपो से नथिंग, मॅडम. ओन्ली स्मोक."

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. त्यांचे खांदे हलत होते. पुढच्या मुलाला आत बोलवायला त्यांना थोडा वेळ लागला.

तोंडीला तिला वीसपैकी बारा गुण मिळाले. लेखी धरून ती इंग्रजीत उत्तीर्ण झाली. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा भाऊ नववीच्या वर्गात बसला. ती एक मजला वर, दहावीत.