कापसाच्या लाईनीतला गेमवाला

मी चौथीपर्यंत शिकलो. पण पांढरकवड्यापासून झरीपर्यंत माह्याइतके व्हिडिओ गेम कोणी प्रकाशित केले नाहीत, हे छाती ठोकून लिहितो. प्रकाशित म्हणजे काय, तेही सांगतो. नागपुरातून गेमच्या कॅसेटी आणायच्या, ओल्या फडक्यानं वरचं चिनी लेबल सोलायचं आन खळीनं आपलं चिकटवायचं. त्यावर गेमचं मराठी नाव, खाली माहं नाव, दोन्ही माह्या अक्षरात. गेमची गोष्टही माहीच. माणूस उगाच उड्या कायले मारन? त्याले काही कारण पाहिजे का नाही?

माहा सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे ‘बायको आणाले चाललो’. त्यात एक ठेंगणा माणूस खड्डे ओलांडत, साप चुकवत एका फाटकापाशी येते. फाटकावर इंग्रजीत काहीतरी लिहून येते. ते मी लोकायले वाचून दाखवो, “ती इथं नाही, पुढच्या गावी मामाकडं गेली.” मग पुढचे खड्डे, पुढचं फाटक. लोक म्हणत, सासुरवाडीचे लोक अस्सेच असतात. गेम खरा आहे.

ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षं होती. व्यापारी विचारत नव्हते, म्हणून सगळा कापूस सरकारी खरेदी केंद्रावर. बैलबंड्या तीन-तीन दिवस लाईनीत उभ्या. बैल सोडलेले, माणसं बंडीखाली आडवी. त्या लाईनीच्या मधोमध मी ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही मांडला, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. जत्रेत नसन इतकी गर्दी. एका बाप्याले वजनकाट्यावर बोलावलं त त्यानं निरोप धाडला, फाटक आल्याशिवाय येत नाही. चार बंड्या त्याच्या पुढं गेल्या, पण तो उठला नाही.

हे वैभव बुडवलं ते खडूनं. केंद्रवाले बंडीच्या पाटीवर खडूनं नंबर टाकत. खेळणाऱ्यायची भांडणं होऊ नयेत म्हणून मीही तिथंच खडूनं गेमच्या पाळीचा नंबर टाकू लागलो. एका सकाळी केंद्रावरच्या नव्या माणसानं माहे नंबर वाचले आन चाळिसावी बंडी तिसऱ्या नंबरावर आत घेतली. त्यानंतर लाईनीनं माह्यासाठी जे शब्द काढले, ते मले शाळेतही शिकवले नव्हते. मले उचलून गेटाबाहेर ठेवलं. लोक म्हणतात तुहा धंदा मोबाईलनं खाल्ला. मोबाईलची काय टाप? मी आधीच बाहेर होतो.

मग टीव्ही आन गेमचा सगळा सेट माळ्यावर गेला. यंदा भाव पुन्हा पडला, केंद्रावर पुन्हा लाईन लागली, आन मी म्हातारीले, म्हंजे माह्या बायकोले, म्हटलं, माहे दिवस परत आले. म्हातारीले माळ्यावर पापडाचे डबे ठेवाचे होते. तिनं शर्त घातली, अंधार पडेस्तोवर पाच माणसं आपल्या मनानं खेळली त सेट घरात राहीन, नाही त भंगारवाल्याले निरोप दिलेलाच आहे. हात धरून बसवलेला माणूस मोजाचा नाही, चहा पाजून आणलेला त मुळीच नाही. मी म्हटलं, पाच कायले, पन्नास आणतो.

लाईनीत आता बंड्या नव्हत्या. ट्रॅक्टर होते, पिकअप होत्या, आन हरेक स्टेअरिंगमागं एक मुंडकं मोबाईलमंधी खुपसलेलं. मी टीव्ही मांडला. दुपारपर्यंत एकच माणूस आला, तो बॅटरीवर मोबाईल चार्ज होते का विचाराले. बाजूचा चहावाला माहा जुना दोस्त. तो म्हणे, “अबे बुढ्या, टीव्हीले हार घाल, लोक निदान पाया त पडतीन.”

मग मी स्वतःच खेळाले बसलो. माहा अंगठा आता आखडते, हे खरं. पण खरा दोष बटनाचा होता. माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. बाराव्यांदा पडला तवा एक ट्रॅक्टरवाला खाली उतरला.

“बाबा, उडी मारा ना.”

“मारून राह्यलो.”

“पडल्यावर मारून राह्यले तुमी. आना इकडं, पाहवत नाही.”

त्यानं रिमोट माह्या हातून ओढला. एक झाला. तो दुसऱ्या खड्ड्यात पडला, तवा मागचा पिकअपवाला त्याले हसला आन स्वतः बसला. दोन. तिसरी बापासंग आलेली कॉलेजची पोरगी. ती थेट फाटकापाशी पोचली आन म्हणे, “आजोबा, इथं लिहिलंय की पहिली लेव्हल संपली.”

मी म्हटलं, “इंग्रजीत तसंच लिहितात. मराठीत त्याचा अर्थ ती मामाकडं गेली.”

तिचा बाप म्हणे, बरोबर आहे, आमच्या वेळीही मामाकडंच गेलती. आन तो बसला. चार.

तेवढ्यात काटा सुरू झाला. सगळे आपापल्या गाड्यांकडं पळाले, लाईन पुढं सरकली, मी मागंच राह्यलो. सूर्य बुडाले आला आन म्हातारी भाकर घेऊन आली.

“किती?” तिनं विचारलं.

खोटं बोलणं माह्या स्वभावात नाही. चार म्हटलं.

ती पोत्यावर टेकली, टीव्हीकडं पाहत. हा माणूस चालला कुठं, असं तिनं विचारलं. बायको आणाले, मी म्हटलं. ती काहून गेली, तिनं विचारलं. मी म्हटलं, ते गेममंधी नाही. ती म्हणे, तेच त असाले पाहिजे होतं. बोलता बोलता तिनं रिमोट घेतला. माणूस खड्ड्यात. पुन्हा खड्ड्यात. भाकर तशीच.

“पाच झाले,” मी म्हटलं.

“मी मोजाची नाही.”

“काहून? तू माणूस नोहे का?”

“हे तुमाले चाळीस वर्षांनी समजलं,” ती म्हणे, पण रिमोट सोडला नाही. अंधार पडला तवा तिचा माणूस दुसऱ्या फाटकापाशी होता.

सकाळी भंगारवाला दारात. सेट खाली खाटेसमोर मांडलेला होता आन म्हातारी त्याच्यापुढं. निरोप देऊन बोलावलेल्या माणसाले रिकाम्या हातानं धाडणं तिले बरं वाटलं नाही. तिनं माही सायकल देऊन टाकली.

मी भंगारवाल्याले खुणेनंच सायकल दाखवली. ती चौथ्या फाटकावर होती, आन तिथं आवाज दिला का ती चिडते.