माले जेवानं नही!

माझ्या मुलीने बनवलेल्या गेममध्ये आमचे सगळे नातेवाईक न जेवता पंगतीतून उठून जातात. यात मुलीची काही चूक नाही. सगळी माहिती मीच पुरवली होती.

मृण्मयी तेव्हा अकरावीत होती. जळगावातल्या एका कॉलेजात कोडिंगची स्पर्धा होती आणि तिला कोड्यासारखा एक साधा गेम बनवायचा होता. मैत्रिणी रंगीत ठोकळे जुळवत होत्या. हिला वेगळं काहीतरी हवं होतं.

"पप्पा, जुळवायला सगळ्यात अवघड काय असतं?"

"लग्नातली पंगत," मी म्हणालो.

मी गमतीने म्हणालो होतो. तिने लॅपटॉप उघडला.

गेम खरंच साधा होता. पाहुणे खाली उभे, वर पंगत मांडलेली. एकेकाला उचलून जागेवर बसवायचं. सगळे नीट बसले की वरण-बट्टी वाढली जाते. चुकीच्या माणसाशेजारी बसवलं की पाहुणा रागाने उठून जातो. आता कोण कोणाशेजारी चालत नाही, हे तिला कोण सांगणार? मी! शिंदखेड्याची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, सावद्याच्या वहिनीशेजारी बसत नाही. वहिनींचे यजमान नाना, म्हणजे माझे थोरले भाऊ, पंख्याखाली बसत नाहीत. मामांना दाराजवळचीच जागा लागते, कारण वाढपी तिथूनच सुरुवात करतात. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, नावं तरी बदला!"

"अगं, परीक्षक बाहेरगावचे. त्यांना कोण अक्का आणि कोण वहिनी?"

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! रुसून उठणाऱ्या पाहुण्यांना आवाज हवा होता. माझं चष्म्याचं दुकान दुपारी रिकामं असतं. तिथे बसून मी सगळ्यांचे आवाज काढले. अक्काचा तर, तिच्या अहिराणीसकट, इतका हुबेहूब जमला, की माझा मीच दचकलो. "माले जेवानं नही!" (शेजारचा घड्याळवाला धावत आला. "भाऊ, पाहुण्यांशी असं वागतात का?")

मग स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी घरच्या ग्रुपवर लिहिलं: 'आपली मृण्मयी अंतिम फेरीत! सर्वांनी अवश्य यावे!' आपल्याकडे अशा निमंत्रणाला कोणी येत नाही. 'अभिनंदन बेटा' लिहितात, हात जोडतात, संपलं.

सगळे आले! अक्का शिंदखेड्याहून एसटीने आली. नाना-वहिनी सावद्याहून केळीच्या वेफर्सची भलीमोठी पिशवी घेऊन आले. अक्का हॉलच्या डाव्या टोकाला बसली, वहिनी उजव्या. मध्ये मी. घाम पुसत.

"पप्पा," मृण्मयी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या का आली?"

"कौतुकाने."

"नावं बदलायची राहिलीत!"

पोरीने कितीतरी दिवस खपून हे उभं केलं होतं, आणि माझ्यापायी भर सभेत तिचा पचका होणार होता. पण तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

भल्यामोठ्या पडद्यावर अक्का उमटली. नऊवारी, चष्मा, कपाळावर आठी, सगळं जिथल्या तिथे. परीक्षकबाईंनी हसत हसत तिला उचलून वहिनीशेजारी बसवलं. आणि हॉलभर आवाज घुमला, "माले जेवानं नही!"

पोरं खदाखदा हसली. अक्का उठून उभी राहिली.

"सुरेश! हाऊ आवाज कोना शे?"

मी बुटाची लेस बांधू लागलो. (पायात चपला होत्या.)

अक्का थेट मंचावर गेली. परीक्षक बाजूला सरले. तिने माउस घेतला, स्वतःचं चित्र उचललं आणि पुन्हा वहिनीशेजारी नेऊन ठेवलं. "माले जेवानं नही!" पुन्हा ठेवलं. "माले जेवानं नही!"

"मी असं कव्हय सांगं?" अक्काने पडद्याला विचारलं.

उजव्या टोकाकडून उत्तर आलं. "गोलूच्या लग्नात!" वहिनीही उभ्या राहिल्या होत्या.

"तू मना मांडासले जाड सांगं व्हतं!"

"मी मांडे जाड म्हटलंच नाही वं अक्का! खापर जाड आहे म्हटलं होतं!"

खापर म्हणजे मांडे ज्याच्यावर भाजतात ते मातीचं उपडं भांडं. आणि ते खापर मांडववाल्याकडचं होतं, अक्काचं नव्हतंच. त्या लग्नातला गोलू आता दोन मुलांचा बाप आहे. इतकी वर्षं आम्ही सगळे प्रत्येक कार्यात या दोघींना दोन टोकांना बसवत आलो. ती आमची समजूतदारी होती. नेमकं काय झालं होतं, हे त्या दोघींना आमच्यापैकी कोणीच कधी विचारलं नव्हतं. मी तर त्या रुसव्याचा आवाजसुद्धा काढला होता.

अक्काने माउस खाली ठेवला. मग मृण्मयीला हळूच म्हणाली, "हाऊ नियम काढी टाक, पोरी."

मृण्मयीने परीक्षकांकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. तिने कोड उघडला, एक ओळ पुसली आणि गेम पुन्हा सुरू केला. पडद्यावर दोघी शेजारीशेजारी बसल्या आणि वरण-बट्टी आली. वहिनी कधी मंचापर्यंत आल्या होत्या, कोणालाच कळलं नाही. अक्काने पदराने चष्मा पुसला.

"छान," बाई म्हणाल्या, "पण मग आता यात कोडं काय राहिलं?"

"मॅडम, शेवटची लेव्हल आहे ना," मृण्मयी म्हणाली.

शेवटच्या लेव्हलबद्दल मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर एकच पाहुणा उरला होता. टक्कल, ढेरी, तोंड उघडं. खाली लिहिलं होतं: 'पप्पा. सतत बोलतात.' बाईंनी मला नानांशेजारी बसवलं, नाना उठले. मामांशेजारी बसवलं, मामा दाराजवळची जागा सोडून निघून गेले! शेवटी अक्काशेजारी बसवलं आणि माझ्याच आवाजात मला ऐकावं लागलं, "माले जेवानं नही!"

"याला उत्तरच नाही का?"

"आहे. त्यांना बसवायचंच नाही." मृण्मयीने मला उचलून वरणाच्या बादलीजवळ ठेवलं. मी वाढू लागलो आणि सगळी पंगत सुखाने जेवू लागली.

"हे सुचलं कसं तुला?"

"आईने सांगितलं."

मृण्मयीला दुसरं बक्षीस मिळालं. परवा एका साखरपुड्याला गेलो, तर अक्का आणि वहिनी एकाच ताटावर झुकून गप्पा मारत होत्या. मी कौतुकाने त्यांच्याकडे निघालो, सांगायला बरंच होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दोघींनी मिळून माझ्या हातात बादली दिली.