बिनहाराची तसबीर

"पेंटर, शिडी नीट धर. हलली ना, तर तुझी धडगत नाही," रावसाहेब वरून म्हणाले.

मी शिडी धरून उभा होतो. शिडी वाचनालयाची, कपाटातली वरची पुस्तकं काढायची, अगदी हलकी. रावसाहेब मात्र भरभक्कम. त्यांच्या हातात शेवंतीचा टपोरा हार होता आणि तो ते मी रंगवलेल्या तसबिरीला घालत होते. तसबीर किसनची. किसन तिसगावचा, पलटणीत शिपाई, लढाईवर गेलेला. चांगला जिवंत माणूस.

मी नगरमध्ये फोटो रंगवायचं काम करायचो. तेव्हा रंगीत फोटो निघत नसत. लहान फोटोवरून मोठा काळा-पांढरा फोटो बनवायचे, त्याला एन्लार्जमेंट म्हणत. त्यावर मी ऑइल कलरचा पातळ हात द्यायचो. गाल, ओठ, डोळे, फेटा. हौशी गिऱ्हाईक असलं तर वर कापडी काम. म्हणजे फोटोतल्या साडीवर खरी जर चिकटवायची, गळ्यात खरे मणी शिवायचे, मग खोल चौकटीत बसवून काच लावायची. गावाकडच्या लोकांना याचं भारी कौतुक. माणूस जसा काही चौकटीतून पुढे येऊन बसलाय असं वाटायचं.

या धंद्यात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारायचा. "हाराची का बिनहाराची?" हाराची म्हणजे माणूस गेलेला. मग चौकटीला वर दोन खिळे ठोकायचे, हार अडकवायला. बिनहाराची म्हणजे माणूस आहे. खिळे नाहीत. हे इतकं साधं की सुतारालाही सांगावं लागत नसे.

किसनची आई भागूबाई आणि बायको गंगू अशा दोघी माझ्याकडे आल्या, तेव्हा मी सवयीने हेच विचारलं. गंगूने पदर तोंडाला लावला. भागूबाई माझ्यावरच ओरडली, "हाराची म्हनून काय इचारता? माजा ल्योक बाहेरदेशी गेलाय, वर न्हाई गेला! पत्तर न्हाई म्हनून काय झालं?"

"चुकलं, मावशी. बिनहाराची करतो," मी म्हणालो.

किसन रजेवर आला होता तेव्हा त्याच्या शर्टाचं एक पितळी बटण तुटून घरी राहिलं होतं. गंगूने ते पदराच्या गाठीला बांधून जपलं होतं. ते तिने सोडून माझ्या हातावर ठेवलं. मी फोटोतल्या छातीवर खाकी कापड चिकटवलं आणि त्यावर ते बटण शिवलं. काम चांगलं उतरलं होतं. आजही म्हणतो, माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम.

म्हणूनच ते मी प्रदर्शनात दिलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये गावातल्या कलाकारांची चित्रं मांडायची टूम निघाली होती. ड्रॉइंगमास्तरांचा जलरंगातला किल्ला होता, एका वहिनींचा मण्यांचा बाळकृष्ण होता, सावेडीच्या एका शेतकऱ्याने गेरूने काढलेले बैल होते. ते बैल तर इतके झकास की मास्तरांचा किल्ला त्यांच्यापुढे फिका. भागूबाईला मी सांगितलं, आधी लोकांना बघू द्या, मग घरी न्या. उद्घाटनाला या. माझं नाव कागदावर छापून चौकटीखाली लागणार होतं. तेवढ्यावरच मी हुरळलो होतो.

वाचनालयाचे अध्यक्ष रावसाहेब. लढाईच्या भरती कमिटीवरही तेच. उद्घाटनाला कँपातला कर्नल साहेब येणार होता. सकाळी रावसाहेब चित्रं बघत फिरले आणि किसनपुढे थबकले.

"शिपाई! वा! पेंटर, हा मध्यभागी घे. स्टेजच्या वर. साहेब खूश होईल. आणि याला हार पाहिजे."

"रावसाहेब, ही बिनहाराची आहे."

"म्हणजे?"

"माणूस जिवंत आहे. घरची माणसं बघायला येणार आहेत."

"अरे, मग सत्कार आहे तो! सभेत जिवंत माणसालाच हार घालतात ना?"

"गळ्यात घालतात, रावसाहेब. गळ्यात घातला तर सत्कार. तसबिरीला घातला तर..."

रावसाहेब हसले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उस्मान, तू रंगाचं बघ. आमच्या रीतीभाती तू आम्हाला शिकवू नकोस."

ही रीत माझ्या घरातली नाही, हे खरंच. पण नगरातल्या निम्म्या घरांतली गेलेली माणसं मीच रंगवलेली. रीत मला पाठ होती. तरी गप्प बसलो. रावसाहेबांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पाट्या मी रंगवायचो, तेही डोक्यात आलं. नाही कशाला म्हणू?

चौकटीला खिळे नव्हते, म्हणून हार सारखा घसरायचा. रावसाहेबांनी वरून सुतळी मागितली. मी दिली.

मनाशी ठरवलं, साहेब गेला की हार काढून टाकू. त्या दोघी दुपारच्या मोटारीने येणार. लढाईच्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, करंजीच्या घाटात दोनदा थांबायच्या, लोक उतरून ढकलायचे. तिसगावची मोटार वेळेवर आलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती वेळेवर आली.

रावसाहेबांचं भाषण चाललं होतं. कर्नल साहेब पुढच्या खुर्चीत. मी बाजूच्या दाराशी उभा. त्याच दाराने त्या दोघी आत आल्या. गंगूने नवं लुगडं नेसलं होतं. तिने समोर पाहिलं.

मी म्हणालो, "वहिनी, तसं नाही..." तिला ऐकू गेलं नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. शेजारी दगडी खांब होता. तिने दोन्ही मनगटं त्याच्यावर आपटली. एकदा, मग पुन्हा. हिरव्या काचा फरशीवर पसरल्या. मनगटातून रक्त आलं.

रावसाहेबांचं भाषण थांबलं. कर्नल साहेबाने मागे वळून विचारलं, काय झालं? रावसाहेब स्टेजवरूनच हसून म्हणाले, "शिपायाची बायको आहे, सर. शी इज व्हेरी हॅपी."

एवढं इंग्रजी मला कळत होतं. साहेबाने टाळ्या वाजवल्या. साहेबाने वाजवल्या म्हणून पुढच्या दोन रांगांनीही वाजवल्या.

जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं म्हणतात. मला त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

भागूबाईने माझा दंड धरला. "पेंटर, खरं सांगा. तार आलीय का? माजा ल्योक हाय का न्हाई?"

"आहे, मावशी! काही तार नाही, काही नाही. शपथ घेतो. हार नुसता... शोभेला घातलाय."

"शोभेला?" ती म्हणाली. एकच शब्द.

साहेब गेल्यावर रावसाहेब आमच्याकडे आले. चिडलेले. "काय बाई तुम्ही! नीट विचारायचं तरी. एकदम बांगड्या फोडल्या?"

भागूबाई खाली बसून काचा वेचत होती. तिने मान वर केली. "फोडल्या म्हनू नका. वाढल्या म्हना."

बांगडी आपोआप पिचली तर आपल्याकडे फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फोडतात ती विधवेची. म्हातारीने त्या एका शब्दाने सुनेचं कुंकू राखलं. रावसाहेबांना ते कळलं की नाही, देव जाणे.

मी त्यांना कासाराच्या दुकानापर्यंत नेलं. कासाराने रक्ताळलेली मनगटं पाहिली आणि चाचरत विचारलं, "कुणाचं काही...?"

"वाढल्या," भागूबाई म्हणाली. "हिरव्याच भरा."

मी बाहेर उभा राहिलो. तसबीर घेऊन जायला दोघी तयार झाल्या नाहीत.

शब्द म्हातारीचा होता, पण गाव काही ऐकेना. हॉलमध्ये तिसगावचे आणखीही लोक होते. जित्त्या नवऱ्याचा चुडा फोडणारी म्हणून गंगूला पाणवठ्यावर ऐकवत. आता किसनचं काही बरंवाईट झालं, तर ते तिच्या हाताने झालं, असंच सगळे म्हणणार होते. बाजाराला आलेला तिसगावचा कुणी भेटला की मी विचारायचो, पत्र आलं का? नाही म्हणाला की दिवसभर हातातला कुंचला नीट चालत नसे. तसबिरीतला किसन भिंतीकडे तोंड करून दुकानात उभा होता. त्याला सरळ करायची हिंमत मला झाली नाही.

लढाई संपली. आणि एके दिवशी दुकानाच्या उंबऱ्यात एक माणूस येऊन उभा राहिला. मी लगेच ओळखलं. त्याच्या पापण्या मीच रंगवल्या होत्या.

"फोटो नको," किसन म्हणाला. "बटन तेवढं द्या. तिनं जपलं हुतं."

मी काच काढली, टाके उसवले. तो बघत होता.

"घरी सगळं बरं आहे ना?" मी विचारलं.

"आता हाय. मी आलो तवा ती दारात आली न्हाई. माज्या म्होरं यायला भ्याली." त्याने बटण मुठीत धरलं. "हार कुनी घातला?"

"रावसाहेबांनी."

"तुमाला ठावं हुतं?"

"होतं. म्हणालो मी त्यांना. ऐकलं नाही."

"मंग तुमी काय करत हुता?"

खोटं बोलता आलं असतं. "शिडी धरून उभा होतो," मी म्हणालो.

किसनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पलटणीत एखाद्या रंगरूटाला समजावतात, तसं म्हणाला, "मंग सोडायची हुती की."

तो गेला. पुढे मी पुष्कळ वर्षं धंदा केला, पुष्कळ रावसाहेब पाहिले. रीत कोणाची, मान कोणाचा, यावर त्यांच्याशी वाद कधीच जिंकलो नाही. पण शिडी धर म्हटलं की मी आधी वर काय चाललंय ते बघतो.